मुतखड्यासाठी पुन्हा सीटी स्कॅन?

तुषार_सांगली: भाऊ 32 वर्षांचा. मागच्या उन्हाळ्यात मुतखड्यासाठी सीटी झाला. परवा रात्री परत कुशीत कळ आली, डॉक्टरांनी पुन्हा सीटीच लिहून दिलाय. आई म्हणते, "एवढी किरणं अंगात गेल्यावर पोराचं काय?" मलाही धाकधूक आहेच. सोनोग्राफीवर भागणार नाही का?

काचेमागचा_काका: माझी हयात सीटीच्या मशीनवर गेली, म्हणून लिहितो. किरणं मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. छातीच्या एक्स-रेला 0.1 मिलिसिव्हर्टसुद्धा लागत नाही, पोटाच्या सीटीला साधारण 8 ते 10. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिळतात. म्हणजे एका सीटीत तीन-चार वर्षांचा हप्ता एकदम. कॅन्सरचा धोका वाढतो तो अगदी किंचित, पण तरुण माणसाचा सीटी वरचेवर काढू नये हे खरंच. आधी सोनोग्राफी करा. मूत्रपिंडाची सूज त्यात कळते. मूत्रवाहिनीच्या मधोमध अडकलेला खडा मात्र बऱ्याचदा निसटतो. सीटी लागलाच तर चिठ्ठीवर 'लो डोस केयूबी' लिहून घ्या, म्हणजे मूत्रपिंड ते मूत्राशय एवढ्याच भागाचा, कमी किरणांचा सीटी; खड्यासाठी तेवढा पुरतो. ताप-थंडी असेल किंवा लघवी अडली असेल तर मात्र वाद घालत बसू नका, सांगतील ते करा. आणि जुनी सीडी न्या! लोक गादीखाली ठेवतात आणि इथे हात हलवत येतात.

अनघा_के: एमआरआय का नको? त्यात किरणं नसतात ना?

काचेमागचा_काका: नसतात. पण खडाही धड दिसत नाही, आणि खर्च जास्त.

तुषार_सांगली: डॉक्टरांशी बोललो, उद्या सोनोग्राफी. शेजारचे म्हणतात बिअर पाजा.

काचेमागचा_काका: त्यासाठी वेगळा धागा काढा.