‘उद्दिष्टांची स्लाइड उडवा’ म्हणणाऱ्या भाऊंना

हिंगणा_टी_पॉइंट:
काल इथं एका भाऊंनी लिहिलं की ऑनलाइन ट्रेनिंगच्या सुरुवातीची ‘उद्दिष्टे’ म्हणजे लग्नपत्रिकेतलं ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’. छापायचं म्हणून छापायचं, वाचत कोणी नाही, तर उडवा. यावर माना डोलावणारे पाहून झोप नाही आली. ११ वर्षं असे ऑनलाइन कोर्स बनवायचंच काम करून राहिली आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

स्लाइड कोणी वाचत नाही, कबूल. पण उद्दिष्ट वाचणाऱ्यासाठी नसतंच न, ते लिहिणारीला बांधून ठेवायला असतं. बुटीबोरीच्या एका कारखान्यासाठी आगीचं मॉड्यूल, म्हणजे ऑनलाइन धडा, केला होता. पहिलं वाक्य माझंच: ‘या प्रशिक्षणानंतर आपल्याला अग्निसुरक्षेचे महत्त्व समजेल.’ ४२ स्लाइड, १० प्रश्न, सगळ्यांना पैकीच्या पैकी. मे महिन्यात विजेच्या एका पॅनलमधून धूर निघाला. पैकीच्या पैकीवाला एक पोरगा आग विझवायचं सिलिंडर घेऊन धावला आणि आधी दांडाच दाबला. दांडा आवळून धरला की पिन अडकते. हा ओढतोय, पिन हलेना. शेवटी एका जुन्या फिटरनं सिलिंडर हिसकावलं, दांडा सोडला, पिन काढली, दोन फवाऱ्यांत काम झालं. कोणाला काही झालं नाही. मी मात्र घरी येऊन मॉड्यूल उघडून पाहिलं. ४२ स्लाइडमध्ये ‘पिन’ एकदा, तेही चित्राखाली बारीक अक्षरात. आदिमानवाला आगीचा शोध कसा लागला यावर तीन स्लाइड!

‘समजेल’ लिहिलं की त्याखाली काहीही खपतं. आता असं लिहिते: ‘पाणी, फोम, सीओटू आणि पावडर अशी चार सिलिंडरं दाखवली तर विजेच्या आगीला चालणारी दोन निवडेल, एकही चूक न करता.’ काय दिलं, काय करेल, किती बिनचूक. उद्दिष्टं कशी लिहावी यावर पुस्तक लिहिणाऱ्या अमेरिकेच्या रॉबर्ट मेगरनं हे १९६२ मध्ये सांगून ठेवलं आहे. असं लिहिलं की आदिमानव आपोआप बाहेर जातो.

तर्रीबाज:
तो भाऊ मीच. ताई, गोष्ट झकास, पण ती माझ्याच बाजूची आहे. पिन माउसनं निघत नाही. तुम्ही उद्दिष्ट सोन्याच्या अक्षरांत लिहा, पोरगं रात्रपाळी करून सकाळी सातला मोबाइलवर तेच बघणार. आणि ते ‘पुढे’चं बटण! आवाज संपेपर्यंत दाबलंच जात नाही. माझी पोरं आवाज बंद करून फोन डब्याशेजारी ठेवतात, पोहे खातात, मधून मधून बोट लावतात. ह्याचं उद्दिष्ट काय लिहाल? ‘कामगार पोहे न सांडता बटण दाबेल’?

हिंगणा_टी_पॉइंट:
बटण मी नाही लॉक करत, तुमच्याच एचआरवाल्यांची अट असते. आणि पिनचं म्हणाल तर तेच सांगून राहिली आहे. ‘निवडेल’ हे ऑनलाइन जमतं. ‘पिन काढेल’ हे आवारात, खरं सिलिंडर हातात देऊन. क्रियापद नीट लिहिलं की काय स्क्रीनवर होणार नाही तेही तिथंच कळतं.

लाल_शाई:
निवृत्त शिक्षिका आहे, म्हणून दोन शब्द. तुम्ही मेगर मेगर करताय, आमच्या पाठटाचणात, म्हणजे तास घेण्याआधी शिक्षकानं लिहायच्या आराखड्यात, हेच होतं. ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य, आणि प्रत्येकाखाली स्पष्टीकरणं: विद्यार्थी ओळखतो, उदाहरण देतो, फरक सांगतो. ‘विद्यार्थ्याला समजते’ लिहिलं की बी.एड.ला आमच्या मॅडम लाल शाईनं खोडायच्या. पण खरं सांगू? नोकरीत पाचव्या वर्षापासून मी गेल्या वर्षीच्या वहीवरून उतरवत होते. साहेब टाचण तपासायचे, वर्गात डोकवायचे नाहीत. तेव्हा दोघंही जरा दमानं घ्या.

खामल्याचा_सोनू:
उद्दिष्ट गेलं उडत, आधी भाषेचं बोला. आमच्या मॉड्यूलमध्ये बाई बोलते, ‘सदर उपकरणाची सुरक्षा-कीलिका निष्कासित करावी.’ बाप्पा! कीलिका निघेपर्यंत शेड जळून जाईल. इथं कोण बोलते असं? ‘पिन काढ बे’ म्हणा न सरळ.

तर्रीबाज:
सोनूभाऊ, लाखाची बात. मी तर म्हणतो हिंदीतच द्या. माझ्या लाइनवरची अर्धी पोरं छिंदवाडा, बालाघाटची आहेत.

खामल्याचा_सोनू:
घ्या! मराठी नीट करा म्हटलं की लगेच हिंदी. नागपुरात कारखाना, मराठी पोरांनी काय दुभाषा घेऊन फिरायचं?

तर्रीबाज:
इतिहास वाचा जरा. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशची राजधानी होतं. इथं दोन्ही भाषा पहिल्यापासून चालत आल्यात.

लाल_शाई:
आणि त्याच १९५६ मध्ये अमेरिकेच्या शिक्षणतज्ज्ञ ब्लूमची शिकवण्याच्या उद्दिष्टांची वर्गवारी आली, म्हणजे नागपूरची राजधानी गेली आणि आमच्या डोक्यावर टाचण आलं.

खामल्याचा_सोनू:
काकू, विनोद नको. ह्यांच्यासारख्यांमुळेच मराठीची ही गत आहे.

तर्रीबाज:
‘ह्यांच्यासारखे’ म्हणजे कोण? माझ्या आजीची वऱ्हाडी ऐकाल तर तुमचं खामल्याचं शुद्ध मराठी पाणी भरेल तिच्यापुढं. मागे एका पोरानं सीओटूच्या सिलिंडरचा भोंगा, जिथून गार गॅस बाहेर पडतो तो, उघड्या हातानं धरला, हात थिजला त्याचा. सूचना मराठीतच होती, छापील, शुद्ध. मी त्याला दवाखान्यात नेलं, तुम्ही नाही.

हिंगणा_टी_पॉइंट:
थांबा दोघंही. भोंगा धरायचा नाही, हे तुमच्या मॉड्यूलच्या उद्दिष्टात होतं का?

तर्रीबाज:
नव्हतं. ‘जागरूकता निर्माण होईल’ असं होतं.

हिंगणा_टी_पॉइंट:
मग?

तर्रीबाज:
मग काय मग. तुम्हाला हेच ऐकायचं होतं न, ऐका. ठीक आहे, उद्दिष्ट लिहा, पण तुमच्या वहीत लिहा. माझ्या पोरांना दाखवू नका. स्लाइडबद्दल मी अजूनही तेच म्हणतो.

हिंगणा_टी_पॉइंट:
स्लाइड दिली तुम्हाला. तशीही मी आता तिथं फोटो टाकते, धूर निघणारं पॅनल, आणि खाली ‘आता कोणतं उचलणार?’

खामल्याचा_सोनू:
हे ‘कोणतं उचलणार’ बरं आहे. कीलिकेपेक्षा लाख पटीनं. पण हिंदीचं मी सोडलेलं नाही.

तर्रीबाज:
सोमवारी रिफ्रेशर आहे. उद्दिष्ट लिहिलंय, हसू नका: ‘सर्व कामगार सिलिंडर योग्य प्रकारे वापरतील.’

लाल_शाई:
‘योग्य प्रकारे’ला लाल शाई. योग्य म्हणजे काय, पिन आधी की दांडा?

तर्रीबाज:
काकू, पोहे थंड होऊन राहिलेत. ‘दांड्याला हात न लावता आधी पिन काढेल, खरं सिलिंडर, आवारात, प्रत्येक जण.’ झालं?

लाल_शाई:
भोंगा राहिला.