पुराचं पाणी चढलेल्या घराला कुठले रंग द्यावेत? (सांगली, गावभाग)

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. प्रश्न रंगाचा आहे, पण जरा लांबण लागेल. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, मापं दिल्याशिवाय मला प्रश्न मांडताच येत नाही.

घर गावभागात. खालचं जुनं, विटांचं, चुन्या-मातीतलं, भिंती दीड फूट जाड. वरची एक खोली 1988 ची, स्लॅबची. 2019 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या पुढे गेलं तेव्हा आमच्या माजघरात साडेचार फूट होतं. 2021 ला पुलाजवळ 55 च्या आसपास थांबलं, म्हणजे घरात दोन फूट. दोन्ही पुरांनंतर दोन-तीन महिन्यांत घाईघाईने रंग काढून घेतला आणि दोन्ही वेळा पुढच्या पावसाळ्यात खालून पोपडे आले. पापुद्रा सोलला की मागे पांढरी भुकटी. बोटाला लावून चाखली सुद्धा. खारट.

आता पुढचा पूर येईपर्यंत एकदा तरी मनासारखा रंग देऊन घ्यावा म्हणते.

बाहेरची खोली: दार उत्तरेला, पुढे आठ फुटांचा बोळ, पलीकडे शेजाऱ्यांची तीन मजली इमारत, पोपटी रंगाची. दुपारी आमच्या पांढऱ्या भिंतीवर त्या पोपटीची छाया पडते. मुलगा पुण्याहून रोज राखाडी खोल्यांचे फोटो पाठवतोय. फार छान दिसतं म्हणे. मला मेली राखाडी भिंत बघितली की गाळच आठवतो. चार दिवस खराट्याने काढला होता तो. माझ्या मनात हळदीचा पिवळा आहे. माहेरी हळदीची अडत होती, तो रंग डोळ्यांत बसलाय.

माजघर: 10 बाय 12, उंची 10 फूट. खिडकी नाही. छपरात एक काचेचं कौल आहे, तेवढाच उजेड. देव्हारा तिथेच. आजवर पांढरा दिला, तरी खोली अंधारीच.

स्वयंपाकघर: पश्चिमेला खिडकी, रोजची फोडणी. यापुढे काय सांगू.

वरची खोली: मुलगा-सून आली की त्यांची. मार्चपासून भट्टी.

आणखी एक. माजघराच्या भिंतीवर आमच्या ह्यांनी दोन्ही पुरांच्या खुणा सुतारी पेन्सिलीने करून शेजारी तारखा घातल्यात. ते आता नाहीत. मागच्या पेंटरने खुणेभोवती चौकोन सोडून रंग दिला, ते फारच वाईट दिसतं. पण खूण मोडायची नाही. भावनेचा भाग सोडा, गव्हाची कोठी किती उंचीवर चढवायची ते मी त्यावरनंच ठरवते.

शेडकार्ड आणलंय. त्यात नुसत्या पांढऱ्याचेच पंचवीस प्रकार. सांगा.

पुण्यात_स्थायिक

काकू, जास्त विचार करू नका. सगळीकडे पांढरा मारा. घर मोठं दिसतं, उजेड वाढतो, पुढे विकायलाही सोपं.

कृष्णाकाठची

विकायचं कुणाला आहे? आणि पांढऱ्याने उजेड वाढला असता तर माजघरात भरदुपारी बल्ब लावला नसता. तरी उत्तराबद्दल आभार.

मिरजेचा_रंगारी

नमस्कार बाई. मी मिरजेचा, वीस-बावीस वर्षं हेच काम करतोय. एकोणीसच्या पुरानंतर सांगलीत लई घरं केली. खोटं कशाला बोलू, आमचीबी चूक झाली. लोकांना घाई, आम्हाला काम. ओल्या भिंतीला पुट्टी ओढली, वर प्लास्टिक इमल्शन मारलं, आणि पुढच्या वर्षी शिव्या खाल्ल्या.

काय होतं सांगतो. वीट पाणी पिते. ते पाणी बाहेर यायला लागलं की आतला क्षार बरोबर घेऊन येतं. पाणी उडून जातं, क्षार भिंतीच्या तोंडाशी बसतो. तुम्ही चाखलात तो लोणा तोच. वर प्लास्टिकचा थर असला की त्याला वाट नाही, मग तो रंगालाच ढकलून काढतो. म्हणून रंग कुठला हे मागनं. आधी भिंत सुकलीय का बघा. प्लास्टिकचा दोन बाय दोन फुटांचा तुकडा घ्या, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारून भिंतीला चिकटवा, एक दिवस ठेवा. आतनं घाम आला तर भिंत अजून ओली.

मागच्या वेळी खाली सिमेंटचा गिलावा केलाय का? केला असंल तर तो झडवा. चुन्या-मातीच्या भिंतीला सिमेंट लावलं की ओल अडते आणि वर चढत जाते. खाली पाच फुटांपर्यंत चुन्याचा गिलावा, त्यावर चुन्याचेच तीन पातळ हात. पाच फुटांच्या वर भिंत कोरडी निघाली तर इमल्शन मारा, तुमच्या आवडीचं. दोन्हीच्या मधी पट्टा येईल. साडेचार फूट पाणी आलेलं, म्हंजे पट्टा खुणेच्या अर्धा फूट वर. उद्या परत पाणी आलं तर खालचं तेवढंच करायचं. पूर्वीच्या लोकांनी खाली गेरू आणि वर चुना असं उगाच केलं नव्हतं.

हळदीचा पिवळा म्हणताय, पण कुणी भिंतीच्या चुन्यात खरी हळद घाला म्हटलं तर ऐकू नका. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, ते अडतीवाल्यांच्या लेकीला मी काय सांगणार. शिवाय उन्हानं उडून जाते. पिवडी घ्या. पिवडी, गेरू हे मातीचे रंग, चुन्यात मरत नाहीत. बाटलीतले स्टेनर, म्हंजे छटा आणायला मिसळायचे पातळ रंग, सगळेच चुन्याला टिकत नाहीत. वाटीत कालवा, कोपऱ्यात मारा, आठ दिवस बघा, मग ठरवा.

कळीचा चुना घरी भिजवणार असाल तर लांब उभं राहून. उकळी येते त्याला. डोळं सांभाळा.

कंदी_पेढा

काकू, मी साताऱ्याची. आमची पश्चिमेची भिंत यवतेश्वरच्या अंगाला, जुलैत पाऊस तिथे आडवाच येतो. मी हौसेने हॉलच्या त्या भिंतीला गडद निळा दिला, तोही मे महिन्याच्या शेवटी, कारण पेंटर तेव्हाच मोकळा होता. गणपतीपर्यंत निळ्यावर पांढरे ठिपकेच ठिपके. नवरा म्हणतो, बरं झालं, कास बघायला वर जायला नको, पठार घरातच फुललं. त्यामुळे एक सांगते, काम दिवाळीनंतर काढा आणि होळीच्या आत उरका. आणि खराब होणाऱ्या भिंतीवर गडद रंग नको. फिक्या रंगावर लोणा खपून जातो, गडदावर ओरडतो.

दुसरं, मुलाच्या फोटोंवर जाऊ नका. मोबाईल स्वतःच उजेड दुरुस्त करून रंग बदलतो. मी नणंदेच्या घरचा रंग फोटोवरून मिसळून घेतला होता. तिचा साय होता, माझा निघाला पिठलं.

रंगारीदादा, एक शंका. चुन्याच्या भिंतीला पाठ टेकली की पाठ पांढरी होते. काकूंकडे पाहुणे बसणार कुठे?

मिरजेचा_रंगारी

बरोबर हाय ताई. शेवटच्या हातात डिंकाचं पाणी घालायचं, नाहीतर थोडं जवसाचं तेल. तरी थोडं लागतंच. भिंतीला वीतभर सोडून बाक ठेवायचा. पुराच्या घरात फर्निचर भिंतीला चिकटवूच नये, मागं हवा लागत नाही.

जलरंग

मिरजेच्या दादांनी भिंतीचं सांगितलं, मी उजेडाचं सांगतो. आयुष्यभर मुलांना चित्रकला शिकवली.

शेडकार्डावरचा तुकडा पांढऱ्या कागदावर बसलेला असतो. खोलीत तसं नसतं. एक पिवळी भिंत समोरच्या पिवळ्या भिंतीवर पिवळा उजेड टाकते, ती परत हिच्यावर, आणि रंग आपोआप गडद होत जातो. कार्डावर जो आवडला त्याच्यापेक्षा दोन घरं फिका घ्या.

बाहेरच्या खोलीत उत्तरेचा उजेड, म्हणजे आभाळाचा, थोडा निळसर. त्यात समोरून पोपटी. तिथे तुमच्या चिरंजीवांची राखाडी शेवाळासारखी दिसेल, या बाबतीत तुमचा राग रास्त आहे. पण लिंबासारखा पिवळाही नको, तोही हिरवा पडेल. पिवडीत चिमूटभर गेरू मिसळा. तांबूस छटा हिरव्याला मारते.

माजघराबद्दल: पांढरा रंग उजेड तयार करत नाही, आला तेवढा परत टाकतो. एका कौलातून येणार किती? त्यामुळे तिथे पांढरा मळका दिसतो. कौलाचा कवडसा ज्या भिंतीवर पडतो ती आणि कौलाशेजारची छपराची आतली बाजू पांढरी ठेवा. बाकीचं खुशाल उबदार करा. अंधाऱ्या खोलीला अंधारी राहू द्यावं, देव्हाऱ्यातल्या समईला तीच खोली शोभते. आणि बल्ब बदला. खोक्यावर 6500 के लिहिलं असेल तर तो पांढरट-निळसर उजेड, त्यात गेरू मेल्यासारखा दिसतो. 3000 के चा लावून बघा.

नमुना जुन्या रंगावर मारू नका, खालचा रंग डोळ्याला फसवतो. मोठ्या पुठ्ठ्याला पांढरा हात देऊन वर रंगाचे दोन हात द्या आणि तो पुठ्ठा खोलीभर फिरवा. सकाळी आठ, दुपारी एक आणि रात्री दिव्याखाली. तिन्ही वेळा आवडला तरच.

कृष्णाकाठची

(चार महिन्यांनी)

काम झालं. कुणी विचारलं नाही, तरी सांगते.

प्लास्टिक लावलं. माजघरात सकाळी आतून थेंब. खालचा गिलावा अर्थातच सिमेंटचा, 2019 नंतर मीच मजबूत म्हणून करून घेतलेला. झडवला, तर मागे विटा इतक्या ओल्या की हात लावला तर गार. पेंटरच्या दोन फेऱ्या परत पाठवल्या, पंखे लावून भिंत तशीच उघडी ठेवली. जानेवारीच्या शेवटी गिलावा झाला आणि पुढे तीन आठवडे मी घरात धुळीचं खाल्लं. चुन्याचं काम येणारे गवंडी शोधण्यातच पंधरा दिवस गेले, शेवटी हरिपूरचे एक म्हातारे मिळाले. ते चुन्याचा पहिला हात बघून "अजून दिसत नाही, वाळू दे" एवढंच म्हणाले. खरंच, ओला असताना पाण्यासारखा पारदर्शक, वाळला की पांढरा. मी उगाच रात्रभर काळजी केली.

पुठ्ठा फ्रीजच्या खोक्याचा. नऊ नमुने केले. बाहेरच्या खोलीत नुसत्या पिवडीचा नमुना दुपारी एक वाजता तंतोतंत कच्च्या कैरीचा झाला, जलरंग सर, तुमचं पटलं. शेवटी बारा वाट्या पिवडीला एक वाटी गेरू असं प्रमाण बसलं. हळदीचा रंग नव्हे तो, पण वाळवलेल्या हळकुंडाच्या सालीचा नक्की आहे. वर फिकी साय.

माजघरात खाली गेरू, वर साय, कौलाखालची भिंत पांढरी. वरच्या भागाला सहा लिटर लागेल असा दुकानदाराचा हिशेब. त्याने सगळी भिंत धरली होती. 2 गुणिले 22 गुणिले फक्त वरचे पाच फूट, 220 चौरस फूट, त्यातून दारांचा वरचा भाग आणि चुन्याची पांढरी भिंत वजा. दोन हातांना लिटरमागे साठ-पासष्ट फूट धरले तरी तीन लिटर पुरतात. तीन घेतले, पावशेर उरला.

स्वयंपाकघरात ओट्यामागे आधीच फरशी आहे, तिच्या वर धुता येणारं इमल्शन, फिकट पिवळं. फोडणीचे डाग त्याच रंगाचे, बघणाऱ्याला कळत नाहीत.

वरच्या खोलीला मुलाची राखाडी दिली. हो. सिमेंटची भिंत, पुराचा प्रश्न नाही, दक्षिण-पश्चिमेचं ऊन येतं आणि त्या उन्हात ती राखाडी चक्क छान दिसते. त्याला अजून सांगितलेलं नाही. गच्चीवर चुन्याचे दोन हात मारले, खोली थोडी तरी निवली.

खुणा. गिलावा झडवायचा म्हणजे त्या जाणारच होत्या. आदल्या दिवशी उंबऱ्यापासून टेपने मोजून घेतल्या आणि माजघराच्या सागवानी चौकटीवर चाकूने कोरल्या. चौकटीला रंग लागत नाही. तारखांचे आकडे काही ह्यांच्यासारखे आले नाहीत. त्यांचा नऊ गोल असायचा, माझा चाकूने चौकोनी झाला.

न्हाणीच्या टाकीमागे एक कोपरा अजून सुटतोय. मिरजेचे दादा म्हणतात टाकी पाझरत असेल. प्लंबर उद्या येतो म्हणून गेलाय, त्याला आता अकरा दिवस झाले.

भिजवलेला चुना अर्धा पिंप उरलाय. वर पाणी राखलंय, म्हणजे खराब होत नाही. गावभागात कुणाला हवा असेल तर घेऊन जा. डबा आपला आणायचा, पत्र्याचा नको.