जागाच नाही, तर घरकुल बांधायचं कुठं?

'घरकुलं फुकट वाटल्यानं लोक आळशी होतात' हे मत बऱ्याचदा ऐकतो, पण पटलं नाही. प्रधानमंत्री आवास ग्रामीण या गावाकडच्या घरकुल योजनेचे सपाट भागातले मूळ अनुदान १ लाख २० हजार, तेही हप्त्यांनी. जोत्याचा फोटो ऑनलाइन चढल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. तोवर पदरचे घाला. फुकट कसलं! आणि नावावर जागा नसेल तर गाडी तिथंच अडते.

जागेचा प्रश्न शहरातही तोच. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी चढायला लागलं की सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर या सखल वस्त्यांतले लोक आधी बोचकी बांधतात. २०१९ ला पाणी पार बाजारपेठेत शिरलं तेव्हा कुठं बाकीच्यांना ते कळलं. पूरपट्ट्यात हौसेनं कोण राहतं हो? दुसरीकडचं भाडं झेपत नाही. महापालिकेनं उंचावर, कामाच्या जवळ, भाड्याची घरं बांधावीत. मालकीचं नंतर बघू.