शाळेच्या प्रयोगशाळेतील जुना मानवी सांगाडा खरा आहे का, आणि कोकणच्या पावसाळ्यात त्याची निगा कशी राखावी?

देवगडची विज्ञानशिक्षिका

नमस्कार. मी देवगड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. मे महिन्यात प्रयोगशाळा आवरताना काचेच्या दाराच्या उभ्या लाकडी कपाटात लोखंडी आकड्याला टांगलेला एक पूर्ण मानवी सांगाडा पुन्हा उजेडात आला. बरीच वर्षे त्या कपाटासमोर जुनी बाके रचून ठेवलेली असल्यामुळे तो वापरात नव्हता. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, ‘मानवी सांगाडा, नग १’ एवढीच नोंद आहे. रकान्यातील वर्ष पुसट झाले असले तरी मागच्या-पुढच्या नोंदी १९७०च्या दशकातील आहेत. कवटी पिवळसर, बरगड्या त्याहून फिकट आणि मांडीची हाडे काही ठिकाणी तेलकट तपकिरी दिसतात. सांधे तारांनी बांधलेले असून त्या तारा गंजल्या आहेत, आणि डाव्या हाताची बोटांची काही हाडे गळून गेलेली आहेत.

सहावीच्या अभ्यासक्रमात अस्थिसंस्थेचा पाठ आहे, त्यामुळे हा सांगाडा मुलांना दाखवावा अशी माझी फार इच्छा आहे. परंतु तो खऱ्या माणसाचा असेल, तर तो प्लॅस्टिकच्या प्रतिकृतीप्रमाणे हाताळणे मला योग्य वाटत नाही. तो खरा आहे की नाही हे हाडांना इजा न करता कसे ओळखावे? खरा असल्यास त्याची निगा कशी राखावी? आमची प्रयोगशाळा पश्चिमेकडे तोंड करून आहे, जांभ्याच्या भिंती पावसाळाभर ओल धरतात आणि जुलैमध्ये पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवरसुद्धा बुरशी येते. आणि असा सांगाडा शाळेने ठेवावा की नाही, याविषयीही जाणकारांचे मत हवे आहे.

शरीररचना अध्यापक

बाई, नमस्कार. मी वैद्यकीय महाविद्यालयात अनेक वर्षे शरीररचनाशास्त्र शिकवले आहे. आपण दिलेल्या वर्णनावरून सांगाडा खरा असण्याची शक्यता बरीच वाटते, कारण त्या काळात आपल्या देशात शाळा-महाविद्यालयांना खरेच सांगाडे पुरवले जात असत. भारत हा तेव्हा जगाला मानवी सांगाडे पुरवणारा सर्वांत मोठा देश होता, त्या व्यापाराचे केंद्र कोलकाता होते, आणि १९८५ साली केंद्र सरकारने मानवी हाडांच्या निर्यातीवर बंदी घातली.

तापलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला कोणी देईल, तो कृपया मानू नये. त्याची गरजही नाही. चांगली प्रतिकृती हाडाचा पृष्ठभाग हुबेहूब उतरवते, पण आतली रचना तिला उतरवता येत नाही. म्हणून जिथे हाड तुटले आहे किंवा तार ओवण्यासाठी भोक पाडले आहे, तिथे भिंगातून पाहावे. खऱ्या हाडाच्या बाहेर घट्ट, गुळगुळीत थर असतो आणि त्याच्या आत, विशेषतः लांब हाडांच्या टोकांशी आणि मणक्यांमध्ये, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक जाळी असते. प्लॅस्टिक आतून एकसंध किंवा पोकळ असते, आणि त्यावर साच्याच्या दोन भागांच्या जोडाची बारीक उभी रेषा बहुधा सापडते. कवटीचे वरचे झाकण करवतीने कापून आकड्यांनी बसवलेले असेल, तर ते काढून आतल्या बाजूला पाहावे. मेंदूच्या आवरणाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या फांद्या फुटत जाणाऱ्या चरा तिथे स्पष्ट दिसतात. दातांकडेही पाहावे. खऱ्या दाताच्या वरच्या आवरणाची चकाकी मुळाच्या मंद पिवळ्या रंगापासून वेगळी ओळखू येते, आणि चावून झिजलेल्या जागा दोन्ही बाजूंना सारख्या नसतात.

आपण हाडे मोजणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात असे आपण शिकवतो, पण तारांनी बांधलेल्या सांगाड्यात ती सगळी क्वचितच मिळतात. दोन्ही कानांतील मिळून सहा सूक्ष्म हाडे स्वच्छतेच्या वेळीच हरवलेली असतात, आणि जिभेच्या मुळाशी असणारे कंठिकास्थी दुसऱ्या कोणत्याही हाडाला जोडलेले नसल्यामुळे तेही बहुधा नसते. म्हणजे १९९ हाडे सापडली तर सांगाडा पूर्ण समजावा. हे मुलांना अवश्य सांगावे, कारण दोन हात आणि दोन पावले यांतच मिळून १०६ हाडे आहेत, निम्म्याहून अधिक, आणि हे कळल्यावर मुले आपल्याच मनगटाकडे निराळ्या नजरेने पाहू लागतात.

रत्नागिरीचा जीवशास्त्र शिक्षक

ओलाव्याविषयी लिहितो, कारण किनाऱ्यावरच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या प्रत्येकाला जूनपासून ऑक्टोबरपर्यंत हाच त्रास असतो. हाडाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग खनिजांचा, मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटचा असतो आणि उरलेल्यापैकी बहुतेक भाग कोलॅजन या प्रथिनाचा. खनिजाला बुरशी लागत नाही, ती लागते ती कोलॅजनला, आणि नीट न निघालेल्या चरबीला. आपण लिहिलेले तेलकट तपकिरी डाग त्या चरबीचेच असावेत. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर फार काळ राहिली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती दिवसेंदिवस ८५च्या खाली येत नाही.

म्हणून पहिले काम कपाटाची जागा बदलण्याचे. पश्चिमेच्या भिंतीवर झड बसते; त्या भिंतीपासून कपाट दूर न्यावे, आतल्या बाजूच्या भिंतीजवळही हातभर अंतर सोडून आणि खाली लाकडी ठोकळे देऊन ठेवावे. दाराच्या फटींना फेल्टची पट्टी लावून आत ओल शोषणारे सिलिका जेलचे दाणे ठेवावेत. त्यातही निळ्या दाण्यांऐवजी नारिंगी दाणे घ्यावेत, कारण निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असते आणि ते मुलांच्या हाती लागणे बरे नव्हे. दाण्यांचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येतात, आणि पावसाळ्यात ही अदलाबदल वारंवार करावी लागते. आत एक साधा आर्द्रतामापक टांगावा, म्हणजे अंदाजावर राहावे लागणार नाही.

आपल्याकडे कपड्यांच्या कपाटात बारीक बल्ब लावून ठेवण्याची पद्धत आहे, ती इथे वापरू नये. बल्ब दिवसा चालू, रात्री बंद आणि वीज गेली की अवेळी बंद, अशाने हाड पुन्हा पुन्हा कोरडे-ओले होते आणि त्याला, विशेषतः दातांना, चिरा पडतात. उन्हात वाळवण्याचा मोहही टाळावा. डांबराच्या गोळ्या ओल शोषत नाहीत आणि त्यांचा वास मुलांना अपायकारक असतो. हाडांना चिकटलेले वाळके स्नायुबंध खाणारे भुंगेरे येतात, पण त्यांच्यासाठी घट्ट बंद होणारे दार आणि दर महिन्याची तपासणी पुरेशी आहे.

बुरशी आधीच धरली असेल तर सांगाडा व्हरांड्यात सावलीत आणून, तोंडाला मास्क लावून, मऊ कोरड्या ब्रशने झाडावा. पाण्याने धुऊ नये. घरात वापरतात ते ब्लीच तर मुळीच लावू नये, कारण ते कोलॅजन विरघळवते आणि पांढरेशुभ्र झालेले हाड काही वर्षांत खडूसारखे भुगा होऊ लागते. व्हार्निश लावण्याची जुनी सवयही नको. गंजलेल्या तारा मात्र बदलाव्यात, कारण खाऱ्या हवेत लोखंड फार लवकर गंजते आणि गंजाचा डाग हाडात मुरला की निघत नाही. स्टेनलेस स्टीलची बारीक तार घ्यावी, आणि एका वेळी एकच सांधा सोडावा, म्हणजे हाडांचा क्रम चुकणार नाही.

सावंतवाडीचे एक पालक

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, तरी मला एक वेगळी बाजू मांडावीशी वाटते. ज्या माणसाचा हा सांगाडा आहे, त्याने आपला देह शाळेला दिला होता का? १९८५पूर्वीच्या त्या व्यापारात जे देह गेले, त्यांतील बहुतेक बेवारस होते किंवा ज्यांच्या नातेवाइकांना अंत्यसंस्कारही परवडत नव्हते अशांचे होते. आपल्या गावात कोणी परका माणूस वारला तरी चार माणसे जमून त्याला अग्नी देतात. मग या माणसाला पन्नास वर्षे आकड्याला टांगून ठेवणे आपल्या मनाला कसे पटते? आज प्लॅस्टिकच्या चांगल्या प्रतिकृती सहज मिळतात. त्या आणाव्यात आणि या अस्थींवर रीतसर अंत्यसंस्कार करावेत, असे मला मनापासून वाटते. मुलांना हाडांची नावे शिकण्यासाठी खरे हाड लागतेच असे नाही.

देवगडची विज्ञानशिक्षिका

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे भिंगातून पाहिले. डाव्या हाताच्या तुटलेल्या बोटाच्या हाडात आणि कमरेच्या मणक्याला पाडलेल्या भोकात ती बारीक जाळी स्वच्छ दिसते. कवटीचे झाकण काढल्यावर आत धमन्यांच्या चरा दिसल्या. सांगाडा खराच आहे.

आणखी एक गोष्ट दिसली. उजव्या नडगीच्या मधल्या भागात बोटाला लागेल असा उंचवटा आहे. तिथे हाड डाव्या नडगीपेक्षा जाड आहे आणि किंचित वाकलेलेही, पण पृष्ठभाग गुळगुळीत आहे. मांडीचे हाड मोजपट्टीने मोजले, ते ४२ सेंटिमीटर भरते. याचा अर्थ कसा लावावा?

पालकांनी मांडलेला मुद्दा माझ्याही मनात होता. म्हणूनच मी हा प्रश्न विचारला.

शरीररचना अध्यापक

नडगीवरचा तो उंचवटा बऱ्या झालेल्या अस्थिभंगाचा आहे. हाड मोडल्यावर आधी तिथे रक्त साकळते, मग कूर्चेसारख्या मऊ ऊतीचा जोड तयार होतो, काही आठवड्यांत त्याच्या जागी कच्चे, ओबडधोबड हाड भरते, आणि पुढे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, ते हाड कोरले आणि पुन्हा रचले जाऊन गुळगुळीत होते. म्हणजे हा माणूस पाय मोडल्यानंतर दीर्घकाळ जगला आणि त्या पायावर चालला. हाड थोडे वाकडे जुळले आहे, यावरून ते नीट सरळ बसवले गेले नव्हते, एवढे म्हणता येते.

मांडीचे हाड उंचीच्या साधारण २६ ते २७ टक्के असते, तेव्हा ४२ सेंटिमीटरवरून उंची १५५ ते १६० सेंटिमीटरच्या आसपास येते. ती व्यक्ती स्त्री की पुरुष हे उंचीवरून ठरवू नये, ते कटिराच्या, म्हणजे कमरेखालच्या ओटीपोटाच्या, हाडांवरून पाहावे. पुढे जिथे ती दोन हाडे एकत्र येतात तिथला खालचा कोन स्त्रियांत रुंद, काटकोनाइतका किंवा त्याहून मोठा असतो, पुरुषांत तो अरुंद असतो. वाढीच्या वयात हाडांची टोके सुटी असतात आणि पुढे मूळ हाडाशी जुळतात. जत्रुकास्थीचे, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडाचे, छातीकडील टोक सगळ्यांत शेवटी जुळते, बहुधा पंचविशी-तिशीच्या दरम्यान. तिथे जोडाची रेष उरली नसेल तर ती व्यक्ती पूर्ण प्रौढ होती असे समजावे.

पालकांच्या म्हणण्याशी मी मोठ्या अंशी सहमत आहे, संमतीचा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. मात्र शाळेने परस्पर अंत्यसंस्कार करू नयेत, कोणा खासगी व्यक्तीला सांगाडा देऊ नये आणि विकू तर मुळीच नये. आज वैद्यकीय शिक्षणासाठी देह मिळतात ते देहदानातून आणि १९४९च्या शरीररचना कायद्याखाली, आणि मानवी अवशेषांची नोंद ठेवण्याची व्यवस्था शरीररचना विभागांकडे असते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. मुख्याध्यापकांच्या सहीने, रजिस्टरमधील नोंदीची प्रत जोडून, आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालयाच्या शरीररचना विभागप्रमुखांना पत्र लिहावे आणि त्यांच्या सल्ल्याने पुढचा निर्णय घ्यावा. पालकांशी माझा मतभेद फक्त त्यांच्या शेवटच्या वाक्याशी आहे. नावे प्लॅस्टिकवरून शिकता येतात, पण प्लॅस्टिकची प्रतिकृती वर्गातल्या सगळ्यांना एकच शरीर दाखवते. मोडून जुळलेली नडगी एका विशिष्ट माणसाची असते, आणि हाड ही जिवंत, सतत बदलणारी ऊती आहे हे तिच्याइतके स्पष्टपणे सांगणारे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही.

रत्नागिरीचा जीवशास्त्र शिक्षक

हाड जिवंत ऊती आहे हे शिकवण्याआधी ते कशाचे बनले आहे हे मुलांना हाताने अनुभवता येते. कोंबडीच्या तंगडीचे स्वच्छ केलेले हाड व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावे आणि व्हिनेगर दोन-तीन वेळा बदलावे. काही दिवसांत खनिज निघून जाते आणि हाड बोटांनी वाकवता येते. दुसरे हाड शिक्षकांनी स्वतः निखाऱ्यावर पूर्ण जाळावे. त्यातील कोलॅजन जळून जाते, आकार तसाच राहतो, पण दाबताच त्याचे तुकडे पडतात. दोन्ही शेजारी ठेवले की कडकपणा कोणामुळे आणि चिवटपणा कोणामुळे हे वेगळे सांगावे लागत नाही.

देवगडची विज्ञानशिक्षिका

मुख्याध्यापकांशी बोलले. शरीररचना विभागाला पत्र या आठवड्यात जाईल, आणि उत्तर येईपर्यंत सांगाडा मुलांच्या हाताळणीसाठी बाहेर काढायचा नाही असे ठरले आहे. कपाट पूर्वेच्या भिंतीकडे हलवले असून सिलिका जेल मागवले आहे. तारा मी आत्ताच बदलणार नाही, विभागाच्या माणसांनी पाहिल्यावरच हात लावेन. वर्गासाठी प्लॅस्टिकची प्रतिकृती घेण्याचा प्रस्ताव शाळा समितीपुढे ठेवला आहे. पालकांना एवढेच सांगते की अंत्यसंस्काराचा पर्याय पत्रात स्पष्ट शब्दांत लिहिला आहे, आणि विभागाने तो सुचवला तर शाळा तो रीतसर पार पाडेल.

जत्रुकास्थीच्या टोकाशी जोडाची रेष अर्धवट दिसते. तर मग वय पंचविशीच्या आसपास धरावे का?

शरीररचना अध्यापक

होय, विशीच्या उत्तरार्धाच्या पलीकडे बहुधा नाही. कटिराच्या वरच्या कडेलाही अशीच रेष शोधावी. ती कड साधारणतः विशीच्या पूर्वार्धातच जुळून जाते, तेव्हा तिथे रेष नसेल आणि जत्रुकास्थीला असेल, तर अंदाज अधिक पक्का होईल. या नोंदी, नडगीचे मोजमाप आणि छायाचित्रे पत्रासोबत जोडावीत, विभागाला त्यांचा उपयोग होईल.