मोपेडचा क्लच: चामडं नको, ब्रेक लायनर बघा

मोपेडच्या झिजलेल्या क्लच शूवर जुन्या पट्ट्याचं चामडं चिकटवायची आयडिया काही जण सुचवतात. कॉर्क किंवा चामडं तेलात बुडालेल्या क्लचमध्ये एक वेळ चालून जाईल. मोपेडचा सेंट्रिफ्यूगल क्लच (इंजिनचा वेग वाढला की शू बाहेर फेकले जाऊन भोवतीच्या ड्रमला पकडतात तो) कोरडा असेल तर चढावर दोन-चारदा घसरला की चामडं करपतं आणि कडक, गुळगुळीत होऊन बसतं. मग पकड कसली!

मी ब्रेक शूचं लायनर, म्हणजे त्यावरची घर्षणाची पट्टी, कापून वापरलं. पहिल्यांदा ते साध्या इपॉक्सीने चिकटवलं, तिथेच फसलो. ते इपॉक्सी ६०-७० अंशांनाच मऊ पडायला लागतं आणि ड्रम त्याहून बराच तापतो. तुकडा सुटून शू आणि ड्रमच्या मध्ये अडकला, इंजिन आयडलवर असतानाही गाडी पुढे ओढायला लागली. दुसऱ्यांदा तांब्याचे रिबिट मारले. डोकी लायनरच्या आत खोल बसवा, नाहीतर ड्रमवर चरे पडतात.

गोलाई जुळवायला ड्रमच्या आतून खडू फासा, शू दाबून फिरवा. खडू लागेल तो उंचवटा घासायचा, पुन्हा खडू. कंटाळवाणं आहे, पण खरं काम हेच. सगळे शू वजनाला सारखे ठेवा, नाहीतर गाडी थरथरते.

जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओलं करूनच घासा, धूळ फुंकू नका.

आणि ड्रम काढलेला असताना इंजिन रेस करून बघायचा मोह टाळा. शू अडवायला काही नसतं, स्प्रिंग ताणून कामातून जातात.