५० लिटरच्या पातेल्याला किती वॉटची कॉइल?

घरी बिअर करतो. २० लिटरवरून आता ५० लिटरच्या पातेल्यावर आलोय. ३ किलोवॉटची एक कॉइल पुरेल की दोन बसवू? मागच्या खेपेला उसनी आणलेली आखूड कॉइल लावली, तर तिच्यावर काळी खरपुडी धरली आणि अख्ख्या बॅचला करपट वास.

— दोन. ५० लिटर पाणी २० अंशांवरून १०० वर न्यायला साधारण ४.६५ युनिट लागतात. म्हणजे एकीला दीड तास, दोघींना पाऊण. वाफेतून जाते ती उष्णता वेगळीच. उकळी फुटली की मी एक बंद करतो. एकदा विसरलो होतो. ओट्यावरचा चिकट वर्ट (बिअर होण्याआधीचा माल्टचा गोड काढा) पुसताना संध्याकाळ गेली.

— करपलं ते आखूडपणामुळे. तेवढेच वॉट लांब, दुमडलेल्या नळीवर पसरले की पृष्ठभाग कमी तापतो. लो डेन्सिटीची, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला कमी वॉटची, स्टेनलेसची घ्या. पूर्ण बुडाल्याशिवाय बटण दाबू नका. २३० व्होल्टला प्रत्येकी १३ अँपिअर, तेव्हा दोघींना वेगवेगळी लाइन. अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवंच.

— लांब नळीच्या दोन घेतो. आता नव्याकोऱ्या पातेल्याला भोक पाडायचा धीर गोळा करतोय.