गेटवर वॉचमनला फिट – सोसायटी ग्रुप

बी-३०२: सकाळी गेटवर गर्दी कसली होती?

सी-१०१: दिवसपाळीच्या वॉचमनला फिट आली. खुर्चीवरून कोसळला, अंग ताठ, मग झटके. डी विंगच्या काकूंनी निभावून नेलं. आता केबिनमध्ये झोपलाय.

ए-६०४: 📹 व्हिडिओ
चप्पल हुंगवायला गेलो तर काकू माझ्यावरच ओरडल्या 😅

डी-२०२ (काकू): एका हातात चप्पल, दुसऱ्यात मोबाइल, मग ओरडू नको तर काय! आधी तो व्हिडिओ सगळ्यांसाठी डिलीट कर. त्याची पँट ओली झालेली दिसतेय त्यात. झटक्यात लघवीवर ताबा राहत नाही.

ए-६०४: केला. सॉरी काकू.

बी-३०२: पण कांद्याने उतरते ना? आमच्या गावाकडे तेच करतात.

डी-२०२ (काकू): फिट बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपली आपणच थांबते. तोवर कुणीतरी कांदा घेऊन पोचतं आणि श्रेय कांद्याला! माझ्या दिराला लहानपणापासून आहे, म्हणून सांगते.

सी-१०१: दातखीळ बसली होती. मी चमचा आणायला निघालो होतो.

डी-२०२ (काकू): बरं झालं नाही आणलात. जीभ काही गिळली जात नाही, कडेला चावली जाते, ती भरून येते. चमच्याने दात मात्र तुटतो. हातपायही दाबून धरायचे नाहीत. मी ओढणीची घडी डोक्याखाली सरकवली, लोखंडी खुर्ची लांब केली, गळ्यातली शिट्टीची दोरी काढली, झटके ओसरल्यावर कुशीवर वळवलं. तोंडातला फेस बाहेर गळला पाहिजे, म्हणून पाणीसुद्धा नाही. आणि घड्याळ बघत बसले. पाच मिनिटं उलटली असती किंवा शुद्धीवर न येता पुन्हा आली असती, तर १०८ लावणार होते. जागा झाल्यावर तीनदा विचारत होता, “मॅडम, पंप बंद केला का?”

सेक्रेटरी: एजन्सीला सांगून माणूस बदलून घेऊ या का? उद्या कुणाच्या गाडीपुढे पडला तर जबाबदारी सोसायटीवर.

ए-१०३ (वकील काका): अहो, हिंदू विवाह कायद्यात अपस्मार ही लग्नाला आडकाठी होती, तीसुद्धा १९९९ च्या दुरुस्तीत काढून टाकली. आणि तुम्ही वॉचमनला काढताय?

डी-२०२ (काकू): काल रात्रपाळीचा आला नाही, म्हणून यालाच थांबवलं. रात्रभर जागा, आणि गोळ्या खोलीवर. झोप आणि गोळी दोन्ही चुकल्यावर येणारच ना? माणूस कशाला बदलता, डबल ड्यूटी बंद करा. आणि त्याला टाकीच्या शिडीवर चढवू नका.

सेक्रेटरी: ठीक. एजन्सीशी आजच बोलतो. टाकीचं काम प्लंबरला देऊ. महिना तीनशे मागतो. हरकत असेल तर संध्याकाळपर्यंत सांगा.

सी-४०३: तीनशे प्रत्येक फ्लॅटला?

सेक्रेटरी: अख्ख्या सोसायटीचे मिळून.

सी-४०३: 👍